लांडग्यावरचा आळ

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पुस्तकांवर लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर क्वचित येतो, आणि आला तरी एखाद्या कवितासंग्रहाच्या किंवा आत्मकथनाच्या निमित्ताने येतो. या वेळचे पुस्तक पाहून काही वाचक हसतील. पुस्तक इंग्रजी आहे, अमेरिकेतले आहे, किशोरवयीन मुलींसाठी लिहिलेले आहे आणि त्यात माणसाचा लांडगा होतो. नाव 'न्यू मून'. लेखिका स्टेफनी मायर. २००५ साली आलेल्या 'ट्वायलाइट'चा हा दुसरा भाग २००६ साली निघाला, २००९ साली त्यावर सिनेमाही आला. जगभर गाजून, विकून, विसरूनही झालेले हे पुस्तक आता आमच्या हाती का आले ते आधी सांगतो.

नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालला होता. मागच्या बाकावरची एक मुलगी पाठ्यपुस्तकाच्या आड काहीतरी वाचत होती. जवळ जाऊन पाहिले तर काळ्या मुखपृष्ठाचे, वर लाल-पांढरे फूल असलेले, साडेपाचशेहून अधिक पानांचे पुस्तक. मुंबईला कॉलेजात असलेल्या मावसबहिणीने दिलेले. कोपरे झिजलेले, मधली काही पाने सुटलेली. आम्ही ते शिरस्त्याप्रमाणे जप्त केले. दुसऱ्या दिवशी मुलीची अम्मी शाळेत आली. बाईंचा सूर तक्रारीचा नव्हता, काळजीचा होता. महिनाभर पोरगी घरात कुणाशी बोलत नाही, जेवणाकडे लक्ष नाही, रात्री दिवा चालू ठेवते. अब्बांचे म्हणणे असे पडले की दहावी झाली की पुरे, पुढे शिकवून काय उपयोग, ही असली पुस्तके वाचायची असतील तर घरीच बसू दे. निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला: "टीचर, इस किताब में है क्या?"

प्रश्न सरळ होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. पुस्तक न वाचता त्याला वाईट म्हणणे आम्हांला बी.एड.मध्ये कुणी शिकवले नव्हते, तरी आजवर आम्ही ते बरेचदा केले आहे. म्हणून शब्दकोश जवळ घेऊन पंधरा दिवस रात्री बसलो. आधी पहिला भाग मिळवून वाचला, मग दुसरा. हा लेख म्हणजे त्या अम्मीला द्यायचे उत्तर आहे. ते थोडे लांबले आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. बेला नावाची मुलगी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या फोर्क्स या पावसाळी गावात पोलिसप्रमुख असलेल्या बापाकडे राहते. पहिल्या भागात ती एडवर्ड या मुलाच्या प्रेमात पडते. तो रक्तपिशाच्च आहे, पण त्याचे कुटुंब माणसाचे रक्त न पिण्याचा नेम पाळणारे आहे. दुसऱ्या भागाच्या आरंभी बेलाचा अठरावा वाढदिवस येतो. एडवर्डच्या घरी भेटीचा कागद उघडताना तिचे बोट कापते, रक्त दिसताच एडवर्डचा एक भाऊ तिच्यावर धावून जातो. आपल्यामुळे हिच्या जिवाला धोका आहे असे ठरवून एडवर्ड तिला जंगलात नेतो, मला तू नको आहेस असे खोटेच सांगतो आणि कुटुंबासह गाव सोडून जातो. बेला कोलमडते. तिला हळूहळू सावरतो जेकब, जवळच्या ला पुश वस्तीतला क्विल्यूट या मूलनिवासी जमातीचा सोळा वर्षांचा मुलगा. पुढे जेकब लांडगा होऊ लागतो. शेवटी गैरसमजातून एडवर्ड इटलीत व्होल्तेरा शहरी जीव द्यायला निघतो, बेला विमानाने जाऊन त्याला वाचवते, आणि जेकब मागे राहतो.

आता गुणदोषांकडे वळू.

पहिला गुण असा की लेखिकेला विरह कळतो. एडवर्ड गेल्यानंतर पुस्तकात चार पाने येतात. त्यांवर फक्त महिन्यांची नावे आहेत: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान कोरे. आमच्या उर्दू शायरीने हिज्रच्या रात्रीवर शतकानुशतके लिहिले. त्या रात्रीची लांबी मोजण्यात शायरांच्या पिढ्या खपल्या. या बाईंनी ती लांबी कोऱ्या पानांवर मांडली. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रतीत नोव्हेंबरच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारखा लिहिलेल्या होत्या. कशाच्या ते आम्ही विचारले नाही.

परंतु हिज्रची आमची परंपरा आणि या पुस्तकातला हिज्र यांत एक फरक आहे. लैला-मजनूच्या कथेत, निज़ामीने ती बाराव्या शतकात फारसीत बांधली तेव्हापासून, वेडा होऊन रानात जातो तो पुरुष. तो जनावरांत राहतो, त्याचे जुनून त्याला शायर करते. इथे कोसळते ती मुलगी, आणि तिच्या कोसळण्यातून काही घडत नाही. ती शाळेत जाते, स्वयंपाक करते, बापाला उत्तरे देते, पण आतून रिकामी आहे. धोक्याच्या क्षणी आपल्याला एडवर्डचा आवाज ऐकू येतो हे कळल्यावर ती मुद्दाम धोका शोधू लागते. भरधाव मोटरसायकल चालवते, कड्यावरून समुद्रात उडी टाकते. लेखिका याला प्रेम म्हणते. आम्ही शिक्षक आहोत, आम्हांला हे वाचताना भीती वाटली. पंधरा वर्षांच्या मुलीला आपण नकोसे झालो तर आपण उरतच नाही, असे वाटायला लावणारे पुस्तक भूतप्रेतांमुळे नव्हे तर या एका गोष्टीमुळे जपून हाती द्यावे लागेल. अम्मीला आम्ही हेच आधी सांगितले: पोरगी गप्प असेल तर पुस्तक लपवू नका, तिच्याजवळ बसा.

बेपर्दगीची जी शंका अशा पुस्तकांबद्दल आपल्या घरांत असते, तिच्याबद्दल मात्र सांगायला हवे की या कादंबरीत ती जवळजवळ नाही. लेखिका मॉर्मन पंथाची धार्मिक बाई आहे. नायक शेवटी अट घालतो ती लग्नाची. आपल्या घरी रोज संध्याकाळी चालणाऱ्या मालिकांत याहून अधिक उघडेपणा असतो, आणि तिथे रिमोट कुणी जप्त करत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. कादंबरीची सुरुवात एका स्वप्नाने होते. बेलाला तिची म्हातारी आजी दिसते, आणि मग कळते की समोर आरसा आहे, ती म्हातारी म्हणजे बेलाच. एडवर्ड कायमचा सतरा वर्षांचा. बेला अठराची झाली म्हणून घाबरते. इथे कोल्हापूरच्या वाचकाला एक पुस्तक आठवल्याशिवाय राहणार नाही. वि. स. खांडेकरांनी याच शहरात राहून 'ययाति' लिहिली, ती १९५९ साली आली. तिथेही प्रश्न हाच: तारुण्य सरत चालले, ते कसे धरून ठेवायचे? ययाति मुलाकडे त्याचे तारुण्य मागतो. पण खांडेकर त्याला तिथे सोडत नाहीत. घेतलेले तारुण्य कुणाच्या अंगावरून आले हे त्याला पाहायला लावतात आणि ते परत द्यायला लावतात. मायरबाई बेलाला हा हिशेब विचारत नाहीत. कायम तरुण राहण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न कादंबरीत आला की पाने भराभर पुढे जातात. व्होल्तेराच्या वाड्यात पर्यटकांचा घोळका आत नेला जातो, मागून किंकाळ्या ऐकू येतात, बेला रडते, आणि पुढच्या प्रकरणात ती घरी परतलेली असते. त्या घोळक्याचा मग विचार नाही. 'ययाति' आणि 'न्यू मून' यांची तुलना अन्यायाची आहे हे आम्हांला मान्य आहे. पण पंधरा वर्षांच्या वाचकाला दोन्ही पुस्तके लागोपाठ दिली तर तुलना तो स्वतःच करील.

आता लांडग्याकडे येऊ. कादंबरीचा जीव तिथे आहे.

जेकबचा परिचय गॅरेजात होतो. घरामागच्या शेडमध्ये तो जुनी फोक्सवॅगन रॅबिट स्वतःच्या हाताने जोडत असतो. बेला कुणीतरी टाकून दिलेल्या दोन मोडक्या मोटरसायकली आणते आणि तो त्या दुरुस्त करू लागतो. सुटे भाग भंगारातून शोधणे, तेलाने काळे झालेले हात, कोमट सोडा पीत मारलेल्या गप्पा — ही पाने पुस्तकातली सर्वांत चांगली आहेत. ज्याने शिवाजी उद्यमनगरातून एक चक्कर मारली आहे त्याला हा मुलगा ओळखीचा वाटेल. आमच्या शाळेतली कितीतरी मुले सुट्टीत अशाच शेडमध्ये बसतात. इंग्रजी पुस्तकांत आमच्या मुलांना स्वतःसारखा मुलगा सहसा भेटत नाही. इथे भेटला.

मग तो मुलगा बदलू लागतो. अंगात ताप, तापमान १०८ अंशांच्या पुढे. महिन्याभरात उंची वाढते, केस कापले जातात, राग अनावर होतो. ज्या टोळक्याची त्याला भीती वाटत होती त्यातच तो जाऊन मिळतो, आणि जिवलग मैत्रिणीला काय झाले ते सांगू शकत नाही, कारण म्होरक्याची आज्ञा मोडता येत नाही. रात्री खिडकीतून येऊन तो तिला जुनी गोष्ट आठवायला सांगतो, म्हणजे त्याने न सांगता तिला कळावे. हा प्रसंग वाचताना आम्ही थांबलो. नववी-दहावीतले किती मुलगे आमच्यासमोर असे एका सुट्टीत बदलून गेले! जूनमध्ये येतात तेव्हा आवाज फुटलेला, नजर खाली, चौकातल्या एखाद्या ग्रुपचे नाव मनगटावर. विचारले तर उत्तर नाही. त्यांना सांगायचे नसते असे नाही, सांगता येत नाही. मायरबाईंनी याला लांडगा होणे म्हटले आहे. एवढ्या बाबतीत त्यांचे निरीक्षण आमच्या मानसशास्त्राच्या पेपराहून खरे आहे.

माणसाचे जनावर होणे आपल्याला परके नाही. 'अलिफ लैला'च्या आरंभीच तीन शेख भेटतात. एकाबरोबर हरिणी, दुसऱ्याबरोबर दोन कुत्रे, तिसऱ्याबरोबर खेचर, आणि ती सारी मुळात माणसे. 'तिलिस्म-ए-होशरुबा'त जादूगारिणी आणि अय्यार घडोघडी रूप बदलतात. हिंदी सिनेमात १९९२ साली 'जुनून'मध्ये राहुल रॉय पौर्णिमेला वाघ झाला, २०२२ साली 'भेडिया'मध्ये वरुण धवन लांडगा झाला. आणि आमच्या कोल्हापुरात तर संस्थानकाळी चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे. ते चित्ते सांभाळणारे चित्तेवान जनावराला माणसासारखे वागवत. ते आडनाव गावात आजही आहे. जनावर आणि माणूस यांच्यातले अंतर फार नाही हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होते.

पण लांडग्याची गोष्ट वेगळी. शाळेत आमच्या मुलांना एकच बोधकथा दोनदा भेटते. मराठीच्या तासाला 'लांडगा आला रे आला' म्हणून, आणि उर्दूत बहुधा 'शेर आया, शेर आया' म्हणून. एका भाषेत जो लांडगा, तो दुसऱ्या भाषेत वाघ-सिंह. मुले विचारतात, खरे कोण आले होते? मराठीत लांडगा हा शब्द चांगल्या अर्थाने कुठे येत नाही. लबाड, लचके तोडणारा, कळपावर टपलेला. आमच्या पोरांना शाळेबाहेर चिडवायला जो शब्द वापरतात, तो या शब्दाच्या किती जवळचा आहे हे या वार्षिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. ज्याला तो शब्द लहानपणी ऐकावा लागला त्याने लांडग्याची गोष्ट वाचताना थोडे अधिक सावध असावे.

आणि आपल्याकडे लांडग्याची एक गोष्ट आहे, ती घरोघरी ठाऊक आहे. हज़रत युसूफचे भाऊ त्यांना विहिरीत टाकतात, कुर्त्याला खोटे रक्त लावतात आणि बापाला येऊन सांगतात की लांडग्याने खाल्ले. लांडग्याने काहीच केलेले नव्हते. फारसी-उर्दूत 'गुर्ग-ए-युसूफ' हा खोट्या आळाचा दाखला होऊन बसला. तोंडाला रक्त माखलेला पण युसूफला न फाडलेला लांडगा अशी म्हणच आहे. किस्स्यांत तर असेही येते की भावांनी एक लांडगा पकडून हज़रत याकूबपुढे आणला, आणि तो बोलला की मी नाही खाल्ले.

'न्यू मून'चा मधला भाग वाचा. फोर्क्सच्या जंगलात माणसे नाहीशी होत आहेत. लोकांनी प्रचंड लांडगे पाहिले आहेत. गाव ठरवते, हे लांडग्यांचे काम. बेलाचा बाप बंदुका घेऊन लोकांबरोबर जंगलात जातो. जेकब लांडगा आहे हे कळताच बेलाही क्षणभर त्यालाच खुनी समजते. आणि सत्य काय? माणसे मारत होते ते रक्तपिशाच्च, गोरे, सुंदर, एडवर्डच्याच जातीचे. लांडगे तर गावाची राखण करत होते. ज्यांच्यावर बंदुका रोखल्या ते राखणदार. ही युसूफच्या लांडग्याचीच गोष्ट आहे. लेखिकेच्या मनात ती असण्याचे कारण नाही. पण आमच्या वाचकाच्या मनात ती आहे, आणि त्यामुळे हे पुस्तक त्याच्या हातात वेगळे होते.

दुर्दैवाने लेखिकेने इथवर येऊन लांडग्याला सोडून दिले. शेवटच्या प्रकरणांत पिवळ्या पोर्श गाडीतून आपण व्होल्तेराला पोचतो आणि जेकब फोर्क्समध्येच राहतो. एडवर्डचा रंग संगमरवराचा, जेकबचा तांबूस-तपकिरी. एडवर्डचे घर काचेचे, जेकबचे बारीकसे लाकडी. एक गाडी विकत घेतो, दुसरा गाडी जोडतो. मुलगी कुणाला निवडणार हे पहिल्या पानापासून ठरलेले असते. जेकबचा उपयोग तिला सावरण्यापुरता. आम्ही असे म्हणत नाही की तिने जेकबला निवडायला हवे होते. प्रेमात आरक्षण नसते. आमचे म्हणणे इतकेच की आळ कुणावर आला होता आणि तो खोटा निघाला, हे पुस्तकाने लक्षात ठेवायला हवे होते.

याहून मोठी गफलत पुस्तकाबाहेर आहे. क्विल्यूट ही लेखिकेने कल्पिलेली जमात नाही. ती खरी आहे, ला पुश हे तिचे खरे गाव आहे. १८८९ साली तिला एक चौरस मैलाच्या आसपास जमीन राखून मिळाली. त्याच साली गावातली माणसे हॉप्सच्या तोडणीला बाहेर गेलेली असताना एका गोऱ्या वसाहतवाल्याने त्यांची २६ घरे जाळली. त्यांची भाषा जगातल्या मोजक्या भाषांपैकी एक आहे जिच्यात 'म' आणि 'न' हे अनुनासिक ध्वनीच नाहीत. ती अस्खलित बोलणारे आता राहिले नाहीत; शाळेतून ती पुन्हा शिकवण्याची धडपड चालू आहे. त्यांच्या जुन्या कथेत रूप बदलणाऱ्या एका दैवी पुरुषाने लांडग्यांपासून पहिले क्विल्यूट घडवले असे आहे. लांडग्यापासून माणूस! मायरबाईंनी ते उलटे केले, माणसाचा लांडगा केला, आणि त्यात युरोपातले वेअरवुल्फ मिसळले. शेवटच्या भागात, 'ब्रेकिंग डॉन'मध्ये, हे खरे वेअरवुल्फ नव्हेत असे एक वाक्य टाकून त्यांनी सुटका करून घेतली. पहिले पुस्तक लिहायला घेतले तेव्हा त्यांनी ते गाव पाहिलेलेही नव्हते. जास्त पावसाचे ठिकाण म्हणून इंटरनेटवर शोधले होते. नंतर पर्यटक आले, टी-शर्ट विकले गेले. २०१० साली सिएटलच्या कलासंग्रहालयात क्विल्यूट लांडग्यांची खरी गोष्ट सांगणारे प्रदर्शन भरवावे लागले. समुद्राच्या लाटांपासून बचावासाठी गाव उंचावर हलवायला जमीन मिळावी म्हणून त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. २०१२ साली अमेरिकी संसदेच्या कायद्याने ती मिळाली.

हे आम्ही एवढ्या विस्ताराने का सांगतो? आपली गोष्ट दुसऱ्याने सांगितली की काय होते याचा अनुभव आपल्याला आहे. मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि नाटका-सिनेमांत मुसलमान पात्र येते तेव्हा ते बहुधा दोनच रूपांत येते. एक तर क्रूर, नाही तर जीव देणारा इमानी दोस्त. जेकब हा दुसऱ्या प्रकारचा आहे. लांडगा म्हणून त्याची बदनामी झाली नाही, त्याचे कौतुकच झाले. पण त्याचे घर, त्याची भाषा, त्याच्या गावाचे जळणे, यांतले काही त्या कौतुकात आले नाही. असे कौतुक बदनामीपेक्षा ओळखायला कठीण असते.

एक प्रसंग मात्र आम्ही लेखिकेला माफ करू शकत नाही. लांडग्यांच्या म्होरक्याचे नाव सॅम. त्याची होणारी बायको एमिली. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर खोल व्रण आहेत, तोंडाचा कोपरा ओढला गेलेला. सॅमला एकदा राग आला, क्षणभर ताबा सुटला, ती फार जवळ उभी होती. पुस्तक हे सांगते आणि लगेच सॅम त्या व्रणांचे मुके घेतो, आणि बेलाला ते दोघांचे प्रेम पाहवत नाही इतके सुंदर वाटते. ताबा सुटला, ती जवळ उभी होती! हे वाक्य आमच्या गल्लीत, आणि सर्वच धर्मांच्या गल्ल्यांत, आम्ही किती वेळा ऐकले आहे. रागाच्या भरात हात उठला, नंतर तोच रडला. मनात लांडगा घुसला म्हटले की माणसाची जबाबदारी संपते. इथे लांडग्यावर पुन्हा आळ येतो, आणि या वेळी तो लेखिकाच घालते. वर्गात हे पुस्तक घ्यायचे झाले तर आम्ही हेच पान उघडून मुलींना विचारू: ती फार जवळ उभी होती, हे कुणाचे म्हणणे आहे?

आणि एडवर्ड? तो हात उगारत नाही. तो बेलाच्या भल्यासाठी निर्णय घेतो. तिला न विचारता निघून जातो, जाताना स्वतःचे फोटो आणि भेटी फरशीच्या फळ्यांखाली लपवतो, म्हणजे तिला विसरणे सोपे जाईल. जेकबही फोनवर अर्धवट उत्तर देऊन तिच्या भल्याचेच करतो, आणि त्यातून अनर्थ घडता घडता राहतो. सगळे तिचे भले करतात, तिला विचारत कुणी नाही. शेवटी ती एडवर्डच्या घरच्यांना एकत्र बसवते आणि माझ्याबद्दल मत द्या म्हणते. आपल्या आयुष्यावरची सभा तिने स्वतः बोलावलेली असते. तिने मागितले ते शहाणपणाचे नव्हते. पण मागितले तिने.

हे सारे टिपणवहीत लिहून आम्ही त्या मुलीला बोलावले. मनात होते की आता हिला समजावू. म्हटले, ही बेला एका मुलासाठी स्वतःला संपवायला निघते, हे तुला पटते का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, पैले हिस्से में वो इसकू बचाता. इस बार वोच गई ना उसे बचाने कू. हवाई जहाज में."

आमच्या पंधरा दिवसांच्या टिपणांत ही गोष्ट नव्हती. आम्ही एडवर्डकडे पाहत होतो, जेकबकडे पाहत होतो. ती विमानाकडे पाहत होती. कोल्हापूरच्या पुढे मिरजेपर्यंत एकटी न गेलेल्या मुलीला या पुस्तकात समुद्रापलीकडे जाणारी एक मुलगी दिसली. पुस्तक वाईट की चांगले याचा निकाल आम्ही एका बाजूने लावत होतो, आणि ज्याच्यासाठी लावत होतो तो वाचक दुसऱ्याच दाराने आत गेला होता.

त्यातून आम्हांला आपली उणीवही दिसली. आमच्या शाळेच्या कपाटात बालकथा आहेत, आणि त्यांच्या शेजारी एकदम ग़ालिब आणि इक्बाल आहेत. मराठीत भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवरून मूल उडी मारते ते थेट 'ययाति' आणि 'मृत्युंजय'वर. चौदा ते अठरा या वयाचे पुस्तक, ज्यात एखादी मुस्लिम मुलगी दहावीच्या निकालाची वाट पाहते आहे, चिडते आहे, कुणावर तरी तिचा जीव जडला आहे आणि त्यामुळे जग बुडालेले नाही, असे मराठीत आम्ही शोधले. आमच्या हाती लागले नाही. ते आम्ही लिहिले नाही म्हणून आमची मुलगी फोर्क्सला गेली. तिला दोष देण्याआधी लेखणी धरणाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

युसूफच्या गोष्टीत एक बारीक खूण आहे. भावांनी कुर्त्याला रक्त लावले, पण कुर्ता फाडायला विसरले. बापाने कुर्ता हातात घेऊन पाहिला आणि म्हटले, मोठा सभ्य लांडगा दिसतो, माझ्या मुलाला खाल्ले आणि कुर्ता मात्र शाबूत ठेवला. तफ़सीर सांगणाऱ्यांनी हा तपशील जपून ठेवला आहे. आम्हांला वाटते, वाचायला शिकवणे म्हणजे एवढेच: रक्त दाखवले की घाबरायचे नाही, कुर्ता हातात घेऊन पाहायचा. अम्मीलाही आम्ही शेवटी असेच काहीसे सांगितले. पुस्तकात भुते आहेत, लांडगे आहेत, थोडा मूर्खपणा आहे. बंदी घालण्यासारखे काही नाही, बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

पुस्तक आम्ही परत दिले, एका अटीवर. त्यावर एक पान लिहून आणायचे, उर्दूत किंवा मराठीत. ती दोन्हींत लिहून घेऊन आली, अर्धे पान उजवीकडून, अर्धे डावीकडून. एडवर्डबद्दल त्यात एक ओळ होती. जेकबबद्दल चार. आणि शेवटी तिने विचारले होते: जेकबला दोन मोठ्या बहिणी आहेत असे पहिल्या भागात येते. एकीचे लग्न होऊन ती दूर गेली. दुसरी, रेचल, तिला स्कॉलरशिप मिळाली आणि ती कॉलेजात गेली. एवढेच एक वाक्य आहे. लांडग्यांच्या वस्तीतून ती कॉलेजात कशी गेली, घरचे काय म्हणाले, हे लेखिकेने का नाही लिहिले?

आम्ही ते पान तिच्या अब्बांना पाठवले. मुलगी आता दहावीत आहे. पुढचे अजून ठरलेले नाही.